बार्सेलोनाला जाताना: दिवसा गाउदी, रात्री जागरण, आणि दोन्ही जमवण्याची तयारी

बार्सेलोनात पर्यटकांची गल्लत होते ती वेळेची. क्लब रात्री बाराला उघडतात, दोनच्या सुमारास भरतात आणि सहाला बंद होतात. गाउदी या वास्तुकाराचं प्रसिद्ध चर्च म्हणजे साग्रादा फामिलिया, त्याचं तिकीट मात्र ठरलेल्या वेळेचं असतं. म्हणून तारखांआधी वार ठरवा. मेट्रो रविवार ते गुरुवार रात्री बाराला थांबते, शुक्रवारी दोनला, आणि शनिवारी रात्रभर चालू असते. मोठी रात्र शनिवारची धरा आणि रविवारी दुपारी तीनच्या आत कसलंही बुकिंग ठेवू नका. पोहोचल्या दिवशी क्लबचा बेत नकोच. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तिथे दोन वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. हिवाळ्यात हा फरक साडेचार तासांचा होतो.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण खरी अडचण अपॉइंटमेंट मिळण्याची असते. मे-जूनला जायचं असेल तर फेब्रुवारीतच हालचाल सुरू करा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी घ्या. विमा आणि हॉटेल बुकिंग यांच्या तारखा जुळत नसतील तर अर्ज अडकतो, त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासा.

मोसम मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरचा उत्तम. २३ जूनची सान जुआनची रात्र शेकोट्या आणि फटाक्यांची असते, तर २४ सप्टेंबरच्या आसपास ला मेर्से हा शहराचा मोठा उत्सव असतो. दोन्ही पाहण्याजोगे, पण खोली खूप आधी घ्यावी लागते. राहायला एशाम्प्ले भाग निवडा. नगररचनाकार सेर्दाच्या १८५९ च्या आराखड्यावर उभे राहिलेले, कोपरे छाटलेले चौकोनी ठोकळे तिथे आहेत, रस्ते रुंद आहेत आणि रात्री परतताना दिशा चुकत नाही. गॉथिक क्वार्टर या जुन्या शहरभागातल्या खोल्या देखण्या असतात, पण अरुंद गल्लीतला बारचा आवाज थेट खिडकीशी येतो. फ्लॅट घेणार असाल तर जाहिरातीत पर्यटन परवान्याचा क्रमांक आहे ना ते पाहा. पर्यटक कर वेगळा पडतो आणि बऱ्याचदा खोलीवर पोहोचल्यावर भरावा लागतो.

आता इमारती. साग्रादा फामिलियाचं तिकीट ऑनलाइन, शक्य तितकं आधी काढा. वेळ निवडताना उजेडाचा विचार करा. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेकडच्या केशरी-लाल. सकाळी आतली खांबांची रांग थंड निळसर दिसते आणि दुपार कलली की त्याच दगडावर केशरी रंग चढत जातो. रात्री जागणाऱ्याने बिनदिक्कत दुपारचा, सूर्यास्तापूर्वी दोन-अडीच तासांचा स्लॉट घ्यावा. मनोऱ्याचं तिकीट वेगळं असतं. वर लिफ्ट नेते, खाली मात्र अरुंद गोल जिन्याने यावं लागतं. गुडघे दुखत असतील तर ते टाळा. वारा-पाऊस असला तर मनोरे बंद ठेवतात. खांदे झाकलेले हवेत आणि फार तोकडे कपडे चालत नाहीत. ऑडिओ गाइड फोनमधल्या ॲपवर चालतं, म्हणून इअरफोन घ्या आणि फोन चार्ज करून जा.

तिथून आव्हिंगुदा द गाउदी या रस्त्याने दहा मिनिटं चाललं की सान्त पाउचं जुनं हॉस्पिटल लागतं. वास्तुकार दोमेनेक इ मोंतानेरने आखलेली ही जागा गर्दीच्या यादीत मागे पडते, आणि आमच्या मते तिथे दोन तास राखून ठेवलेच पाहिजेत. बागेत विखुरलेल्या इमारती जमिनीखालच्या बोगद्यांनी जोडल्या आहेत. कासा बात्यो आणि कासा मिला या गाउदीच्या दोन घरांपैकी एकच आतून पाहा, दुसरी बाहेरून. दोन्हींची तिकिटं महाग आहेत आणि एका दिवसात दोन्ही पाहिल्या तर नजर थकते. छप्पर आणि धुराडी आवडत असतील तर कासा मिला. पार्क ग्वेल ही गाउदीची बाग चढावर आहे. वायकार्का स्टेशनवरून गेल्यास वाटेत सरकते जिने लागतात. तिथेही वेळेचंच तिकीट आहे.

इमारत आणि रात्र एकत्र हवी असेल तर पालाउ द ला मुसिका या संगीतसभागृहात संध्याकाळच्या मैफलीचं तिकीट काढा. प्लासा रेयालमधले सहा हातांचे दिवे तरुण गाउदीने केलेले आहेत, आणि त्याच चौकातल्या तळघरात जांबोरी हा जॅझ क्लब आहे. नाचायला पोब्लेनोउ भागातलं रॅझमटॅझ किंवा पारालेल रस्त्याजवळचं साला अपोलो. तिथे साधे बूट, जीन्स चालतात. समुद्रकाठच्या क्लबांत चपला आणि हाफ पँट असेल तर दारातूनच परत पाठवतात. तिकीट आधी ऑनलाइन घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं. वयाचा पुरावा मागतात आणि फोनमधला फोटो चालेलच असं नाही. पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या चेनच्या खिशात ठेवा, त्याची प्रत खोलीवर असू द्या. रात्री अकरानंतर दुकानात दारू विकायला बंदी आहे. रस्त्यावर फेरीवाले बिअरचे कॅन विकतात, ते घेऊ नका. रस्त्यावर पिण्याला दंड आहे.

परतायला निटबस ही रात्रीची बस असते. तिचे बहुतेक मार्ग प्लासा कातालुन्या या मध्यवर्ती चौकावरून जातात. टॅक्सी काळी-पिवळी, मुंबईसारखीच. टपावर हिरवा दिवा असेल तर ती रिकामी. दिवसा फिरायला टी-कॅज्युअल हे दहा फेऱ्यांचं तिकीट सोयीचं, पण ते एकाच माणसाचं असतं आणि विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर चालत नाही.

खिसेकापूंची गाठ पडते ती रांब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर, मेट्रोच्या दारात आणि समुद्रकिनाऱ्यावर. अंगावर काही सांडवून पुसायला धावणारा माणूस हा त्यांचाच साथीदार. फोन टेबलावर ठेवू नका. आणीबाणीचा क्रमांक ११२.

शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. मिक्स सॅलडवर ट्यूना मासा येतो आणि क्रोकेता या तळलेल्या रोलांत बऱ्याचदा हॅम असतं. 'सिन हामोन, सिन आतुन' असं सांगा. टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा आणि पाद्रोनच्या मिरच्या बिनधास्त मागवा. पातातास ब्रावास या तळलेल्या बटाट्यांवरच्या सॉसचं मात्र विचारून घ्या. जेवण रात्री नऊच्या आधी फारसं मिळत नाही, म्हणून खोलीवर खाकरे-चिवडा असू द्यावा. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, ॲडॉप्टर घ्या. बारीक दोन पिनांचा फोन चार्जर मात्र तसाच बसतो.