रेडिएटर फॅनचा स्विच खरंच गेलाय का?

जुन्या गाडीचं इंजिन तापतंय आणि फॅन फिरत नाही, म्हणून लगेच स्विच (रेडिएटरवर बसवलेला, कूलंट तापलं की फॅन चालू करणारा) बदलू नका. स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा, इग्निशन ऑन करा (हात पात्यांपासून लांब!). फॅन फिरला नाही, तर फ्यूज, रिले (फॅनला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच), अर्थिंग, मोटर बघा. दोष बहुतेक तिकडेच असतो. फिरला, तर संशय स्विचवर. पण आधी कूलंट पुरेसं आहे ना, ते पाहा. स्विचभोवती हवा अडकली तर चांगला स्विचही चालू होत नाही.

स्विच काढायचा तो इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. नवा घेताना जुन्यावर कोरलेलं तापमान जुळवा, वॉशर नवाच घाला आणि पाना बेताने आवळा, रेडिएटरच्या पितळी टाकीचे आटे सहज जातात. शेवटी कूलंट भरून हवा काढा.