सोसायटीतली कुत्री आणि नियम: या चुका टाळा

सर्वसाधारण सभेत पार्किंग आणि पाण्याचे टँकर हे दोन विषय संपले की कुणीतरी घसा खाकरतं आणि कुत्र्यांचा विषय निघतो. मग तासभर दुसरं काही चालत नाही. यातली पुष्कळ भांडणं चिघळतात ती चुकीचं दार ठोठावल्यामुळे. जे कमिटीच्या हातात नाही ते कमिटी करायला जाते, आणि जे कुत्रा पाळणाऱ्या पालकाने करायलाच हवं ते तो वॉचमनवर सोडतो. महाराष्ट्रातल्या शहरांत वारंवार दिसणाऱ्या काही चुका इथे देतो.

ठराव झाला म्हणजे बंदी लागू झाली असं समजणं

बहुमताने हात वर झाले, सेक्रेटरीने नोटीस बोर्डावर कागद चिकटवला, की लोकांना वाटतं नियम झाला. तसं नसतं. सहकारी संस्थेच्या उपविधीत, म्हणजे तिच्या नियमावलीत, बदल करायचा तर तो सहकार खात्याच्या निबंधकांकडे नोंदवावा लागतो. नोंद झाल्याशिवाय तो बदल ग्राह्य धरला जात नाही. आणि समजा उपविधीतच घुसवलं, तरी कायद्याने ज्याला मुभा आहे त्यावर सोसायटी सरसकट बंदी आणू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलं आहे: बहुमत असलं तरी पाळीव कुत्र्यावर बंदी नाही, लहान जात चालेल मोठी नाही असा भेदभाव नाही, लिफ्ट वापरायला मनाई नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निवासी संघटनांची अशी बंदीची कलमं बेकायदा ठरवली.

मंडळाच्या सूचना सल्लावजा आहेत, हे वकील लगेच सांगतील. बरोबर आहे. पण त्यांच्या विरोधात जाऊन दंडाची पावती फाडणाऱ्या कमिटीला उपनिबंधकांसमोर उत्तर देताना घाम फुटतो.

मग सोसायटीच्या हातात काय उरतं? बरंच काही. बागेच्या वेळा पालकांशी बोलून ठरवणं, विष्ठा उचलण्याच्या पिशव्या आणि त्यासाठी वेगळा डबा ठेवणं, दोन लिफ्ट असतील तर गर्दीच्या वेळी एक वापरायची विनंती करणं. हे गोडीत होतं, ठरावाने होत नाही.

‘आमचा चावत नाही’ म्हणत पट्टा सोडणं

ही पालकांची सगळ्यात महागात पडणारी चूक. वरच्या सूचनांचा कागद हातात घेऊन हक्क सांगणारे लोकच खाली उतरले की पट्टा सोडतात, आणि सोसायटीतली सहानुभूती तिथेच संपते. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ इथे लागू होतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं आणि दंड १,००० रुपयांपर्यंत होता.

लिफ्टमधलंच बघा. तिसऱ्या मजल्यावर दार उघडतं, समोर दप्तर घेतलेलं पोरगं, आत तुमचा लॅब्रॅडोर. तो प्रेमाने झेपावेल, पण पोराला ते कसं कळणार? लिफ्टमध्ये शिरण्याआधी लांब सुटणारा पट्टा आखडून त्याचा खटका लावा, कुत्र्याला मागच्या भिंतीकडे घ्या आणि त्याच्या आणि दाराच्या मध्ये स्वतः उभे राहा. बाहेरचा माणूस थबकला तर ‘तुम्ही जा वर, आम्ही थांबतो’ म्हणा. या एका वाक्याने जितक्या तक्रारी मिटतात तितक्या वकिली नोटिशीने मिटत नाहीत.

परवाना म्हणजे डॉक्टरांचं लसीचं कार्ड, असा गैरसमज

ते वेगळं, हे वेगळं. मुंबई, पुणे अशा महापालिकांमध्ये पाळीव कुत्र्याचा परवाना पालिकेकडून घ्यावा लागतो, पुण्यात मांजरालाही. रेबीजच्या लसीचा दाखला त्यासाठी जोडायचा असतो. परवान्याला मुदत असते आणि ती सहसा तक्रार झाल्यावरच आठवते. घर बदललं, शहर बदललं की नव्या पालिकेचे नियम बघा.

बाल्कनीत बांधून ठेवणं

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दिवसभर बाल्कनीत साखळी. पालकाला वाटतं आपण शहाणपणा केला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ मध्ये कुत्र्याला कायम बांधून किंवा कोंडून ठेवणं आणि त्याला फिरवायला न नेणं हा गुन्हा आहे. कंटाळा आला म्हणून सोडून देणं हासुद्धा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे कित्येक दशकांपूर्वीचे दर आजही चालू आहेत! त्यामुळे या कायद्याचा धाक कुणाला वाटत नाही, ही खरी अडचण. पण कोंडलेलं कुत्रं जास्त भुंकतं, म्हणजे ज्या कारणासाठी बांधलं तेच वाढतं.

भटकी कुत्री टेम्पोत घालून लांब सोडणं

प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे पकडणं, निर्बीजीकरण, लसीकरण हे पालिकेचं किंवा तिने नेमलेल्या संस्थेचं काम आहे. सोसायटीने परस्पर टेम्पो बोलावायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात हेच सांगितलं: शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर कुत्रं पकडलं तिथेच सोडा, रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं किंवा आक्रमक कुत्रं अपवाद. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथून कुत्री हलवून परत न सोडण्यास सांगितलं आहे. त्या यादीत निवासी सोसायट्या नाहीत. विष घालणं किंवा मारून अपंग करणं थेट फौजदारीत जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खाऊ घालणाऱ्यांचीही एक चूक आहे: जिन्याच्या तोंडाशी किंवा मुलांच्या झोपाळ्याजवळ भात टाकणं. २०२३ च्या नियमांत खाऊ घालायची जागा जिने, प्रवेशद्वारं आणि खेळण्याच्या जागेपासून लांब असावी, आणि वेळ मुलं व ज्येष्ठांची वर्दळ बघून ठरवावी, असं आहे. जागा ठरवून द्यायची जबाबदारी सोसायटीवर आहे, म्हणून नुसतं ‘खाऊ घालू नका’ म्हणून चालत नाही.

चावल्यावर आधी भांडण, मग जखम

क्रम उलटा करा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. लगेच दवाखाना गाठा आणि लस त्याच दिवशी सुरू करा. कुत्र्याचं काय होतं ते बघत थांबू नका. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं.

इथे पालक एक घोडचूक करतात. प्रकरण तापेल म्हणून कुत्रं दुसऱ्या दिवशी गावाकडे धाडतात. चावलेलं कुत्रं १० दिवस नजरेखाली राहायला हवं. ते ठणठणीत राहिलं तर रेबीजची शंका मिटते, आणि लसीचे पुढचे डोस घ्यायचे की नाही हे डॉक्टर त्यावरून ठरवू शकतात. कुत्रं गायब केलं की तो पुरावाच गेला, वर संशय आला तो वेगळाच. लसीची कागदपत्रं घेऊन स्वतः समोरच्याच्या घरी जा.

जुन्या फॉरवर्डवर विसंबणं

पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी, असा कागद अजून ग्रुपवर फिरतो. ते केंद्राचं १२ मार्च २०२४ चं परिपत्रक. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं. तो कागद दाखवून कुणाला घर रिकामं करायला सांगू नका.

नवं पिल्लू घेणाऱ्यांसाठी: आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार मनाई आहे, आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. ‘बघू, नंतर देतो’ असं उत्तर आलं तर तिथून पिल्लू घेऊ नका.