मुलांना घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाताय? आधी फुलपाखरं बघा, वाघ नंतर

नॅशनल पार्क म्हटलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, वाघ दिसणार का, आणि मग आपणही सगळा दिवस त्या वाघाभोवतीच आखतो, म्हणजे नाश्ता वगैरे उरकून दहा-साडेदहाला पोचायचं, सफारीच्या रांगेत उभं राहायचं, तोवर ऊन चढतं, मुलं कंटाळतात, आणि बसमधून बाहेर आल्यावर एक आईस्क्रीम खाऊन सगळे घरी. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम उलटा करा. सफारीतला वाघ दुपारीही तिथेच असतो, फुलपाखरं मात्र सकाळची. ऊन कोवळं असताना ती पंख पसरून अंग तापवत बसतात, एका जागी थांबतात, तेव्हा चार वर्षांच्या पोरालाही नीट बघता येतात, आणि एकदा का ऊन तापलं की अशी भिरभिरतात की मोठ्यांची नजरही पुरत नाही.

कधी जायचं तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत. पावसात उगवलेल्या कोवळ्या पाल्यावर अळ्या वाढलेल्या असतात आणि पाऊस उघडला की एकदम सगळीकडे फुलपाखरं दिसायला लागतात. एप्रिल-मेमध्ये लहान मुलांना घेऊन या कामासाठी जाऊ नका, झाडं सुकलेली असतात आणि उकाड्याने सगळ्यांचाच जीव जातो. पार्क सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा, शाळेला सोमवारची जोडून सुट्टी आली की बरीच मंडळी गेटवरून परत फिरतात. रविवारी गर्दी असतेच, त्यामुळे शनिवार जमत असेल तर शनिवार. वेळा आणि तिकिटाचे दर बदलत राहतात, आदल्या दिवशी एकदा चेक करा.

पोचायचं कसं, तर बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरायचं, तिथून हायवे ओलांडला की गेट, चालत पंधरा-वीस मिनिटं, आजी-आजोबा असतील तर रिक्षा करा. गाडी घेऊन आलात तर पार्किंगमध्येच निम्मा उत्साह संपतो म्हणून मी लोकलच सांगेन. गेट उघडल्या उघडल्या आत शिरायचं. सकाळी मॉर्निंग वॉकवाले असतात पण ते आपल्या वाटेने जातात, त्यांचा त्रास नाही.

आता खरं काम. आत गेल्यावर फार लांब जाऊ नका! पार्क १०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, ते एका दिवसात "करून टाकायची" जागा नाहीच. रस्त्याच्या कडेला जिथे ऊन पडलंय आणि घाणेरी फुललीये, तिथे थांबा. घाणेरी बाहेरून आलेली आहे आणि जंगलाला तिचा त्रासच होतो, पण मध प्यायला फुलपाखरं तिच्यावर हमखास येतात. मुलांना सांगा की या एका झुडपापाशी आपण पंधरा मिनिटं उभं राहणार आहोत, बघू कोण कोण येतंय. पहिली पाच मिनिटं चुळबुळ होते, मग एक मूल काहीतरी बघतं आणि पुढे ते स्वतःच हलत नाही.

काय बघायचं हे आधी घरी थोडं बोलून ठेवलंत तर फार फरक पडतो. नावं पाठ करून घेऊ नका, करामती सांगा. उदाहरणार्थ कॉमन मॉरमॉन, मराठीत बहुरूपी, काळं फुलपाखरू, पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं. याच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोज नावाच्या दुसऱ्याच फुलपाखरासारख्या दिसतात. कॉमन रोजची अळी विषारी वेलींवर वाढते म्हणून पक्षी ते खात नाहीत, आणि बहुरूपीची मादी स्वतः बिनविषारी असून नुसत्या त्या वेशावर वाचते. ओळखायचं कसं, तर अंगाकडे बघायचं, पंखांकडे नाही. रोजचं अंग लाल, बहुरूपीचं काळं. मुलांना हे सांगा आणि मग बघा, समोर आलेल्या प्रत्येक काळ्या फुलपाखराचं अंग तपासत बसतात.

तसंच मादी अंडी घालताना दिसली तर तिला सोडू नका. ती पानावर बसते, पायांनी पान चाचपते, उडते, परत दुसऱ्या पानावर. फुलपाखरांना चव पायांनी कळते, आपल्या पिल्लांना खाता येईल तेच झाड आहे ना याची ती खात्री करत असते. कारण बहुतेक जातींच्या अळ्या ठरलेलीच झाडं खातात. बिबळ्या कडवा, म्हणजे तो केशरी प्लेन टायगर, त्याच्या अळीला रुई लागते, पिवळसर एमिग्रंटला बहावा किंवा टाकळा चालतो, आणि हबशी, म्हणजे कॉमन क्रो, कण्हेरीवर किंवा वड-उंबराच्या जातीच्या झाडांवर वाढतो. कण्हेर दिसली की पानं न तोडता खालून वाकून बघायला सांगा, हबशीचा कोष आरशासारखा चकचकीत सोनेरी-चंदेरी असतो आणि तो सापडला की मुलं अक्षरशः ओरडतात. (ओरडू द्या, कोषाला फरक पडत नाही.)

ओल्या मातीकडेही लक्ष ठेवा. नदीच्या काठाला, झऱ्याच्या वाटेवर चिखलात कधीकधी पाच-दहा फुलपाखरं ओळीने बसलेली दिसतात, ती पाणी पीत नसतात नुसती, मातीतले क्षार घेत असतात आणि बहुतेक सगळे नर असतात. क्षारांसाठीच एखादं फुलपाखरू घामट हातावर पण येऊन बसतं. अशा वेळी मुलाला स्तब्ध राहायला शिकवा, एवढीच ट्रेनिंग पुरते. आणि वाळका खुळखुळा, म्हणजे त्या नावाचं झुडूप, दिसला तर तिथे थांबाच, ब्लू टायगर आणि हबशी ही फुलपाखरं त्या सुकलेल्या झाडाला चिकटून असतात, त्यातली रसायनं नरांना मादीला आकर्षित करायला लागतात.

नशीब असेल तर ब्लू मॉरमॉन दिसेल. मराठीत नीलवंत म्हणतात, राणी पाकोळी पण म्हणतात. तळहाताएवढं मोठं, काळ्या पंखांवर निळी झळाळी. २०१५ साली महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखरू केलं, आणि राज्याचं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. मुलांना शेकरू, हरियाल माहीत असतात शाळेमुळे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

फोटो काढायचे तर मोबाईल पुरतो. फक्त सावली फुलपाखरावर पडू द्यायची नाही, सावली पडली की ते उडालंच. गुडघ्यावर बसून, हळूहळू, मागच्या बाजूने. पकडायचं नाही, जाळं न्यायचं नाही, हे नॅशनल पार्क आहे, इथलं पानसुद्धा तोडायचं नाही आणि मुलांना हे "काका ओरडतील" असं न सांगता खरं कारण सांगा. पंखांवरची पावडर म्हणजे बारीक खवले असतात, बोटांना लागले की गेले, परत येत नाहीत.

खाण्याचं. डबा घरून न्या, दशम्या, थालीपीठ, उकडलेली अंडी, जे चालतं ते, पण माकडांपासून सांभाळून. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की माकड ती ओढणारच, त्याला अनुभवाने माहिती आहे पिशवीत काय असतं. सगळं सॅकमध्ये, चेन लावून. माकडांना काहीही देऊ नका, एक बिस्कीटही नको, दिलेल्या बिस्किटामुळेच ती पुढच्या मुलाच्या अंगावर जातात. आतल्या पाड्यांवरच्या बायका काकडी, पेरू, बोरं, चिंचा विकायला बसतात, त्यांच्याकडून नक्की घ्या. पूर्ण बाह्यांचे कपडे, फुल पँट, बूट. पाणी भरपूर, आणि कचरा परत घरी.

साडेदहा-अकराला फुलपाखरांचं झालं की मग सफारीचं तिकीट. जाळीच्या बसमधून नेतात, फेरी छोटी असते. बसायच्या आधी मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा असं मला मनापासून वाटतं, की हे वाघ-सिंह कुंपणात सांभाळलेले आहेत, जंगली नाहीत. या जंगलाचा खरा मालक बिबट्या, तो मोकळा आहे, आपल्याला दिसत नाही पण त्याला आपण दिसत असू. हे कळलं की चितळ, वानर, साधी वाळवीची वारुळंसुद्धा मुलं वेगळ्या नजरेने बघतात. अंधार पडायच्या आत बाहेर पडा आणि लहान मुलांना वाटेवर एकटं पुढे धावू देऊ नका.

कान्हेरी लेणी त्याच दिवशी करायची का? आठ वर्षांखालची मुलं असतील तर नको. लेण्यांसाठी वेगळा दिवस काढावा एवढी ती मोठी आहेत, शंभरच्या वर लेणी आणि पायऱ्याच पायऱ्या.

आजी-आजोबांना फार चालवत नसेल किंवा मूल अगदीच लहान असेल तर पार्काऐवजी ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळे गावात ओवळेकर वाडी आहे, एका कुटुंबाने आपल्या जागेत फुलपाखरांची झाडं लावून उभी केलेली बाग. जागा छोटी, सावली आहे, आणि थोड्या जागेत खूप जाती दिसतात. ती साधारण रविवारी सकाळीच उघडी असते, फोन करून जा. गोरेगावला फिल्मसिटीजवळ बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं केंद्र आहे, तिथे माहीतगार माणसाबरोबर फेरी मिळते, पण आधी नाव नोंदवावं लागतं. थोड्या मोठ्या, प्रश्न विचारणाऱ्या मुलांसाठी मला ते जास्त आवडतं.

घरी आल्यावर मुलांचा उत्साह टिकलेला असेल तर कढीपत्त्याची किंवा लिंबाची एक कुंडी खिडकीत ठेवा. औषध मारायचं नाही, ही एकच अट. लाइम बटरफ्लाय आणि बहुरूपी दोघंही तिथे अंडी घालायला येतात, चौथ्या-पाचव्या मजल्यावर पण. अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, झटकून टाकू नका, मोठी झाली की हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून केशरी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे. अळी बरीच खादाड असते, कुंडीतली पानं संपली तर बाजारातला कढीपत्ता घालू नका, त्यावर फवारणी झालेली असू शकते, शेजाऱ्यांच्या झाडाचा मागून आणा. कोषातून बाहेर आल्यावर पंख वाळायला तास-दोन तास लागतात, तेवढा वेळ हात लावू नका, खिडकी उघडी ठेवा आणि पंखा बंद करा.