विमान धावपट्टीबाहेर का गेले? कारण शोधताना या चुका टाळा

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून पुन्हा नियमित प्रवासी सेवा सुरू झाल्यापासून सोलापुरात विमानांची चर्चा वाढली आहे. त्यामुळे देशात कुठेही एखादे विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे गेल्याची बातमी आली की तासाभरात निकालही लागतो: ब्रेक निकामी झाले असतील, नाही तर वैमानिक चुकला असेल. ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि बहुतेक वेळा अपुरी आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे शोधाची सुरुवात ब्रेकपासून करणे. अशा अनेक अपघातांचे बीज चाके जमिनीला लागण्यापूर्वीच पडलेले असते. मंगळुरूला 22 मे 2010 रोजी 158 जणांचा बळी घेणारे बोइंग 737 जातीचे विमान सुमारे 8,000 फुटांच्या धावपट्टीवर तब्बल 5,200 फूट पुढे जाऊन टेकले होते. कोझिकोडला 7 ऑगस्ट 2020 रोजी त्याच जातीचे विमान 8,858 फुटांपैकी 4,438 फूट मागे टाकून टेकले, तेही ओल्या धावपट्टीवर आणि मागून सुमारे 14 नॉट (ताशी सुमारे 26 किलोमीटर) वारा असताना. दोन्ही ठिकाणी उतरण्याचा मार्ग, उंची आणि वेग ठरलेल्या मर्यादेत स्थिर झालेले नव्हते, आणि दोन्ही ठिकाणी सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास, म्हणजे गो-अराउंड करण्यास, सुचवले होते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: विमान नेमके कुठे टेकले, किती वेगाने टेकले आणि त्या वेळी पुढे किती धावपट्टी उरली होती?

वेगाचा हिशेब करताना वाऱ्याकडे आणि उष्म्याकडे दुर्लक्ष होते. थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जमिनीवरचा वेग 10 टक्क्यांनी वाढला तर ऊर्जा 21 टक्क्यांनी वाढते. आपल्याकडचाच विचार करा. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवरच्या सोलापुरात मे महिन्यात पारा 42 अंशांवर असतो, तेव्हा हवा इतकी विरळ होते की वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा दिसत असूनही विमानाचा खरा वेग समुद्रकिनाऱ्यावरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी अधिक असतो. वैमानिक हे कोष्टकांत धरूनच चालतात, परंतु चर्चा करणारे धरत नाहीत.

दुसरी चूक दिसायला शहाणपणाची असते: पाऊस होता, म्हणजे विमान पाण्यावरून घसरले. पाण्याच्या थरावर टायर तरंगणे खरेच घडते आणि त्याचा वेग टायरमधल्या दाबावर अवलंबून असतो. तरीही 17 जुलै 2007 रोजी साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर काय झाले ते पाहावे. तिथे धावपट्टीचा थर नुकताच नव्याने टाकला होता, पाणी वाहून जाण्यासाठीच्या खाचा अजून पाडलेल्या नव्हत्या आणि पाऊस पडत होता, त्यामुळे सगळ्यांचे बोट धावपट्टीकडेच गेले. विमानातल्या उपकरणांच्या नोंदींवरून मात्र असे दिसले की एका इंजिनाचा रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा झोत उलटा वळवून विमान थोपवणारी यंत्रणा, आधीपासून बंद ठेवलेला होता आणि त्याच इंजिनाची शक्ती, नोंदींप्रमाणे, कमी झालीच नाही. परिणामी पंखांवरचे स्पॉयलर उघडले नाहीत. त्या अपघातात 199 माणसे गेली. स्पॉयलर पंखांची उचल मोडून विमानाचे वजन चाकांवर आणतात. ते उघडले नाहीत तर धडधाकट ब्रेकही दुबळे पडतात. 1993 मध्ये वॉर्साला एका ए-320 विमानाची दोन्ही मुख्य चाके एकाच वेळी पुरेशी दाबली गेली नाहीत, म्हणून स्पॉयलर आणि रिव्हर्स थ्रस्ट सुमारे 9 सेकंद उशिरा मिळाले. ब्रेक बिघडलेले नव्हते.

‘वैमानिकाची चूक’ असे लिहून शोध बंद करणे ही तिसरी चूक. कोझिकोडच्या चौकशी अहवालाने विमान चालवणाऱ्या वैमानिकाने कार्यपद्धती पाळली नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. पण तिथेच न थांबता त्याच्या समोरचा वायपर नीट चालत नव्हता आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण करण्यासाठी त्याला तिथेच उतरण्याची ओढ होती, हेही नोंदवले आहे. कॅप्टनांची संख्या अपुरी होती, असेही त्यात आहे. मंगळुरूच्या प्रकरणात कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेला होता. ही कारणे सांगितल्याने माणूस निर्दोष ठरत नाही. मात्र ती न सांगितल्यास पुढच्या वैमानिकासाठी काय बदलायचे ते कळत नाही. मला तर पहिल्या दिवसाच्या बातम्यांपेक्षा अंतिम अहवालातला ‘सहायक कारणे’ हा भाग अधिक मोलाचा वाटतो.

विमान बाहेर का गेले आणि माणसे का दगावली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टोरांटोला 2005 मध्ये धावपट्टीबाहेर जाऊन जळालेल्या विमानातले सर्व 309 जण वाचले. दक्षिण कोरियातील मुआन येथे 29 डिसेंबर 2024 रोजी पोटावर उतरलेले विमान टोकापलीकडच्या, काँक्रीटचा आधार असलेल्या बांधावर आदळले आणि 181 पैकी 179 जण गेले. पक्षी धडकल्याने संकटाची सुरुवात झाली हे खरे, तरी त्या बांधाचा प्रश्न पक्ष्यांच्या प्रश्नात बुडवता येत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत धावपट्टीभोवतीच्या मोकळ्या पट्ट्याच्या टोकापलीकडे किमान 90 मीटर सुरक्षा क्षेत्र बंधनकारक आणि 240 मीटर शिफारशीत धरले आहे. मंगळुरू आणि कोझिकोड या पठारी धावपट्ट्या असल्याने तिथे हे क्षेत्र संपताच उतार होता.

सोलापूरकरांना सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवणारच. विमानतळाजवळची ती चिमणी 15 जून 2023 रोजी पाडण्यात आली. असा उंच अडथळा मुख्यतः विमानाच्या वर-खाली येण्याच्या मार्गातला असतो. त्याचा धावपट्टीशी संबंध असा की त्याच्यावरून सुरक्षितपणे येण्यासाठी टेकण्याची जागा पुढे सरकवावी लागू शकते आणि तेवढी उपयोगी लांबी घटते. चिमणी आणि धावपट्टीबाहेर जाणे यांचा याहून थेट संबंध जोडू नये.

उड्डाण करतानाही विमान बाहेर जाऊ शकते, विशेषतः ठरावीक वेग ओलांडल्यावर उड्डाण रद्द केले तर. तेव्हा टेकण्याच्या जागेऐवजी तो निर्णय कोणत्या वेगाला घेतला ते पाहावे लागते. 12 जून 2025 चा अहमदाबादचा अपघात मात्र या प्रकारात मोडत नाही, कारण ते विमान धावपट्टी सोडून हवेत गेल्यानंतर कोसळले.