गल्लीचा इतिहास कसा लिहावा: जुन्या नाशकात आधी गिऱ्हाईक व्हा

जुन्या नाशकातल्या एखाद्या गल्लीचा इतिहास लिहावासा वाटत असेल, तर आधी त्या गल्लीत खरेदी सुरू करा. वही-पेन नंतर. भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल, कानडे मारुती लेन, बोहोरपट्टी, भद्रकाली या भागात तीन-तीन, चार-चार पिढ्यांची दुकानं अजून चालू आहेत. त्यांचा इतिहास मालकांच्या आठवणीत आणि माळ्यावरच्या चोपड्यांत आहे. दुकान बंद झालं की मालक मुलाकडे पुण्या-मुंबईला जातात आणि चोपड्या रद्दीत जातात. म्हणून इतिहास टिपणं आणि दुकान टिकवणं ही दोन कामं मी वेगळी मानत नाही. ज्याला रस आहे अशा कुणालाही ती करता येतील. इतिहासाची पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

तुकडा लहान घ्या

‘जुनं नाशिक’ हा विषय घेऊ नका, हाती काहीच लागणार नाही. एक गल्ली घ्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पंधरा-वीस दुकानं पुरे झाली. पहिल्या फेरीत कुणाशी बोलू नका, फक्त यादी करा: पाटीवरचं नाव, माल, दुकानाला शटर आहे की अजून लाकडी फळ्या, वर माडी आहे का, जोतं रस्त्यापेक्षा किती उंच आहे. जोत्याची उंची लिहायला विसरू नका, पुराच्या गोष्टी निघाल्या की ती कामाला येते. बंद शटरंही यादीत घ्या. तिथे काय होतं ते शेजारच्या दुकानात विचारलं की पाच मिनिटांत कळतं, आणि ओळखीची सुरुवातही तिथूनच होते.

लिहिलेलं आधी वाचा

नाशकात सार्वजनिक वाचनालय आहे. स्थापना १८४० ची. सभासद व्हा आणि जुन्या अंकांबद्दल विचारा. जुन्या दैनिकांतल्या आणि दिवाळी अंकांतल्या जाहिराती या कामासाठी अग्रलेखांपेक्षा मोलाच्या, कारण दुकानाचं जुनं नाव, जुनी जागा आणि तेव्हाचा माल तिथे सापडतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे, १८८३ साली छापलेला. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो आणि त्यात नाशकातल्या तांब्या-पितळेच्या कामाबद्दल मजकूर आहे. तांबट गल्लीवर लिहायचं असेल तर तो वाचल्याशिवाय गल्लीत जाऊ नका.

एक सकाळ पांडवलेण्यांसाठी काढा. दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४० होतं, आणि त्यातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापणं मिळायची. हिशोब चोख जुळतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, हेही त्याच लेखात कोरलेलं आहे. इथल्या कारागिरांवर राजाच्या जावयाने पैशाचा भरवसा टाकला आणि गावाने त्याची नोंद ठेवली, याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा पुरावा आपल्या शहरालगत दगडात आहे. तो डोळ्यांनी पाहिला की तुमची वही किती गरजेची आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह, विजयानंद नाट्यगृहातला कलेक्टर जॅक्सनचा वध या घटनांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते पुन्हा उतरवून काढू नका. तुमच्या गल्लीतला कल्हईवाला मात्र कुणीच लिहिलेला नाही.

गिऱ्हाईक व्हा

‘मुलाखत घ्यायची आहे’ म्हणून दुकानात शिरलात तर शेठ दोन वाक्यं बोलतील आणि गल्ल्याकडे वळतील. तेच घरातलं पितळेचं पातेलं घेऊन कल्हईला गेलात तर अर्धा तास तुमच्या हक्काचा असतो. पातेलं आधी घासून घेतात, मग कोळशाच्या भट्टीवर चांगलं तापवतात. नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो आणि नाकाला झोंबतो. मग कथलाची कांडी आत टेकवायची, कथील वितळतं, आणि कापसाच्या बोळ्याने ते झरझर फिरवायचं. काळपट पितळ हातासरशी चांदीसारखं उजळतं. लगेच पाण्यात. बोळा फिरवायला उशीर झाला तर कल्हईचे डाग राहतात, म्हणून त्या क्षणी कारागिराला प्रश्न विचारू नका. भांडं पाण्यात गेलं की विचारा: कुणाकडे शिकलात? पूर्वी दिवसाला किती भांडी यायची? कुठल्या गावांतून यायची?

घरी परत आलेलं पातेलं वापरा. कल्हई नसली की पितळेत आमटी कळकते, कल्हई असली की ती बिनधास्त शिजवता येते. पिण्याचं पाणी भरून ठेवायच्या तांब्याच्या हंड्याला मात्र कल्हई करत नाहीत. भांडी बाजारात जुनी फुटकी भांडी मोडीत घेतात. माळ्यावर पोचे पडलेली घागर असेल तर तिची मोड देऊन वापरात येईल असं काहीतरी घ्या. नव्या भांड्याचा भाव वजनावर, त्यावर घडणावळ. भाव विचारा, समजून घ्या, पण घडणावळीत घासाघीस करू नका. धातूचा दर बाजार ठरवतो, ठोके देणाऱ्याचा हात त्या मजुरीवरच चालतो. ज्या कारागिराचा इतिहास आपल्याला मौल्यवान वाटतो त्याच्या मजुरीतून वीस रुपये कापून घेणं मला तरी पटत नाही.

बोलायला कधी जावं, काय विचारावं

दुपारी दोन ते चार. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर, आठवडे बाजार असतो, तेव्हा त्या बाजूचं कुणी मोकळं नसतं. दसरा ते दिवाळीचा पाडवा बोलणी बंद ठेवा, कारण तो त्यांच्या कमाईचा काळ असतो. बसायला सांगितलं तरच बसा आणि गिऱ्हाईक आलं की आपण होऊन बाजूला व्हा.

‘दुकान कोणत्या साली सुरू झालं?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘खूप जुनं आहे’ एवढंच उत्तर मिळतं. माणसांना साल लक्षात राहत नाही, पूर आणि सिंहस्थ राहतो. म्हणून असं विचारा: “काका, १९६९ च्या महापुरात पाणी दुकानात कुठवर आलं होतं?” मग बोलणं आपोआप सुटतं. पाणी कितव्या पायरीवर होतं, माल कुणाच्या माडीवर चढवला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला होता, सगळं येतं. तरुण मालक असेल तर २००८, २०१६ किंवा २०१९ च्या पुराचं विचारा. सिंहस्थांची खूणही अशीच उपयोगी: १९८०, १९९१-९२, २००३-०४, २०१५-१६. “आजोबा गेले तेव्हा सिंहस्थ होऊन गेला होता का?” या एका प्रश्नावर घराण्याची अर्धी कालरेषा बसते. १९७२ चा दुष्काळ तिसरी खूण.

सराफ बाजारात सुवर्ण नियंत्रणाचा विषय जरूर काढा. १९६३ च्या जानेवारीत सरकारने चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी घातली. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले. पुढे १९६८ चा कायदा आला आणि १९९० मध्ये तो उठला. तेव्हा घरात चूल कशी पेटली, कुणी कारागिरी सोडून नोकरी धरली, कोण परत आलं, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे आधी जा. तांबट गल्लीत हाच प्रश्न स्टीलच्या भांड्यांबद्दल विचारायचा.

रंगपंचमीचंही विचारा. जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेले दगडी हौद, वर्षभर बुजवलेल्या असतात आणि त्या दिवसापुरत्या उघडतात. तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा, तांबट गल्ली, प्रत्येक रहाडीचा मान वेगळा, रंग वेगळा. कोणत्या घराकडे पूजेचा मान आहे, रंग कसा शिजवतात, खर्चाला वर्गणी कोण देतं, हे कळलं की गल्लीतली नाती उलगडतात.

गोड आठवणींवर थांबू नका. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. हे याच शहरात घडलं. तेव्हा तुमच्या गल्लीत कुणाला दुकानाची पायरी चढता येत नव्हती, पाणी कुणाला वरून वाढत होते, गाळा कुणाला भाड्याने मिळत नव्हता, हे विचारा. आणि दुकानदारांबरोबर हमाल, झाडूवाल्या मावशी, भट्टीवरचे कामगार यांनाही विचारा. त्यांच्याशिवाय लिहिलेला इतिहास अर्धाच राहतो.

फोनवर रेकॉर्डिंग करायचं तर आधी सांगून, होकार घेऊन. घरी आल्यावर त्याच रात्री मुख्य मुद्दे लिहून काढा. आवाज फोनमध्ये राहतो, पण सांगणाऱ्याने हाताने दाखवलेली पाण्याची उंची राहत नाही.

कागद

ओळख मुरली की कागद मागा. भिंतीवर फ्रेम केलेला गुमास्ता परवाना, जुन्या भाडेपावत्या, कीर्द-खतावणी, लग्नपत्रिका, दुकानाच्या छापील पिशव्या आणि कॅलेंडरं, सगळं उपयोगाचं. चोपडी लाल कापडात बांधलेली असेल तर हात लावण्याआधी विचारा, कारण लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होते. आतल्या पानांचे फोटो काढताना उधारीची नावं टाळा. कुणाच्या आजोबांनी कुणाचे किती बुडवले ते जगाला सांगणं हे आपलं काम नाही. जुने कागद मोडी लिपीतले निघाले तर अंदाजाने वाचू नका, मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

इमारतीसाठी मिळकत पत्रिका पाहा. ती नगर भूमापन कार्यालयात मिळते, महाभूलेखच्या संकेतस्थळावरही मिळते. त्यातून मालकी कधी बदलली ते कळतं. ‘दुकान पेशव्यांच्या काळातलं’ असं कुणी सांगितलं तर सांगितलेलं म्हणून लिहा, सिद्ध झालेलं म्हणून नको. सरकारवाडा पेशवेकालीन आहे म्हणून त्याच्या सावलीतला प्रत्येक गाळा पेशवेकालीन ठरत नाही. एक गोष्ट दोन वेगळ्या माणसांनी सांगितली, किंवा एकाने सांगितली आणि कागदाने दुजोरा दिला, तरच ती ठाम वाक्यात लिहायची.

लिहून परत द्या

एका दुकानाला एक पान. माल, माणसं, जागा, एक पूर, एक कागद, एक फोटो. छापण्याआधी ते पान दुकानदाराला वाचून दाखवा. ‘हे काढा’ म्हणाले तर काढा. खाजगी दुखणी बहुतेक वेळा तिथेच गाळली जातात, आणि त्याच बैठकीत दोन नव्या गोष्टीही मिळतात. पान मोठ्या अक्षरात छापून, फ्रेम करून दुकानाला द्या. गिऱ्हाईकं ते वाचतात, फोटो काढतात, नातेवाइकांना पाठवतात. जाहिरातीला पैसे नसलेल्या दुकानाला याचा खरा उपयोग होतो. त्याच वेळी दुकानाची जागा, वेळा आणि साप्ताहिक सुट्टी गूगल मॅपवर बरोबर आहे का ते मालकाच्या संमतीने तपासा. जुन्या नाशकातल्या बोळांत नवं माणूस मॅपवरच येतं.

मित्रांना गल्ली दाखवायला नेणार असाल तर दहा-बारा जणांपेक्षा जास्त नेऊ नका. अरुंद बोळात तीस माणसं उभी राहिली की त्या तासाचा धंदा बुडतो. आणि चक्कर संपताना प्रत्येकाने काहीतरी विकत घ्यायचं, हे आधीच सांगून ठेवा.

खरेदीची सवय

कौतुकावर दुकान चालत नाही. घरच्या महिन्याच्या यादीतल्या तीन-चार वस्तू कायमच्या इकडे वळवा: मसाल्याचा कच्चा माल, पूजेचं सामान, चपलेची दुरुस्ती, चिवडा-फरसाण, जे जमेल ते. इंदिरानगर किंवा गंगापूर रोडला राहून दर आठवड्याला जुन्या नाशकात येणं होत नाही, पार्किंगही नाही, हे खरंच आहे. मग सोसायटीतल्या सात-आठ घरांची मागणी एकत्र करा आणि महिन्यातून एकाने जाऊन आणा. कल्हईची भांडी तर अशीच गोळा करून न्यावीत, कारागिरालाही भट्टी पेटवणं परवडतं. लग्नाचा आहेर, सोसायटीच्या गणपतीची समई, शाळेच्या बक्षिसाची फुलपात्रं अशी एकगठ्ठा ऑर्डर महिनाभर आधी द्या, निम्मी रक्कम आगाऊ द्या, उरलेली माल घेताना. लहान कारागिराला उधारीचं गिऱ्हाईक फार महागात पडतं.

सिंहस्थ जवळ आला की रस्त्यांची, घाटांची कामं निघतात, खोदकामाने गल्ल्या बंद होतात आणि गिऱ्हाईक तुटतं. २०२७ च्या पर्वणीची कामं चालू असताना खरेदी थांबवू नका. गाळा हलणार असेल किंवा दर्शनी भाग पडणार असेल तर त्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि फोटोवर तारीख टाका.

सगळी पानं झाली की तीन प्रती बांधा. एक गल्लीतल्या सगळ्यांच्या सोयीच्या दुकानात ठेवा, एक जवळच्या शाळेला द्या आणि एक सार्वजनिक वाचनालयात जमा करून पोच घ्या. पहिल्या पानावर सांगणाऱ्यांची नावं त्यांच्या परवानगीने लिहा, आपलं नाव शेवटी.