जर्मनीतील विद्यार्थी-वसतिगृहात खोली कशी मिळवावी: पुण्याहून निघणाऱ्यांसाठी

पुण्यात बाहेरगावचा विद्यार्थी महाविद्यालयात प्रवेश घेतो, तेव्हा वसतिगृहाचा अर्जही तिथल्याच कार्यालयात मिळतो, रेक्टरांची सही होते, आणि जागा नसलीच तर सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर सोय होऊन जाते. याच सवयीने जर्मनीला निघालेले अनेकजण प्रवेशपत्र येईपर्यंत खोलीचा विचारच करत नाहीत, आणि मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, विमानाचे तिकीट हातात असताना, ओळखीपाळखीतून निरोप फिरवत बसतात. मी स्वतः दोन वर्षे तिथल्या वसतिगृहात राहून परत आलो आहे आणि दर उन्हाळ्यात याच प्रश्नांची उत्तरे देतो. म्हणून ती एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे की बहुतेक वसतिगृहे विद्यापीठाची नसतात. ती ‘श्टुडिएरेंडेनवेर्क’ नावाची स्वतंत्र सार्वजनिक संस्था चालवते. विद्यापीठाची मेस, म्हणजे तिथली ‘मेन्सा’, हीच संस्था चालवते. देशभरात अशा ५७ संस्था असून त्या शहरानुसार किंवा विभागानुसार विभागलेल्या आहेत. म्युनिकमधील दोन्ही मोठ्या विद्यापीठांचे विद्यार्थी एकाच श्टुडिएरेंडेनवेर्ककडे अर्ज करतात. आखेनमध्येही तांत्रिक विद्यापीठ आणि उपयोजित विज्ञानाचे विद्यापीठ या दोहोंसाठी संस्था एकच आहे. याचा अर्थ असा की विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे खोलीच्या रांगेत नाव आपोआप लागत नाही. तो अर्ज वेगळा, त्याची तारीख वेगळी आणि उत्तर देणारे कार्यालयही वेगळे.

त्यामुळे विद्यापीठांची यादी करतानाच प्रत्येक शहराच्या श्टुडिएरेंडेनवेर्कचे संकेतस्थळ उघडून दोन गोष्टी पाहाव्यात: प्रवेशपत्राआधी अर्ज चालतो का, आणि प्रतीक्षाकाळ किती आहे. अनेक ठिकाणी प्रवेशपत्राशिवाय रांगेत नाव लावता येते आणि पत्र नंतर जोडता येते. अशा ठिकाणी थांबून राहणे म्हणजे निव्वळ नुकसान होय. म्युनिक, श्टुटगार्ट, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग येथे रांग लांब असते, कित्येकदा एकाहून अधिक सत्रांची. केमनिट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ यांसारख्या शहरांत त्या मानाने लवकर खोली मिळते. दोन अभ्यासक्रम जवळपास सारखेच असतील, तर माझ्या मते निवड करताना हा फरकही विचारात घ्यावा, कारण पहिले सत्र उपऱ्यासारखे या सोफ्यावरून त्या सोफ्यावर काढणाऱ्याचा अभ्यास काय होतो, ते मी जवळून पाहिले आहे.

अर्ज भरताना नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर, लिहावे. आपल्याकडे पासपोर्टवर मधले नाव म्हणून वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडलेले असते. ते एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही असे झाले, तर करार, बँक आणि नोंदणी कार्यालय या तिन्ही ठिकाणी खुलासे करत बसावे लागते. खोलीचा प्रकार निवडताना पर्याय शक्य तितके मोकळे ठेवावेत. स्वतंत्र स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेल्या खोलीला मागणी सर्वाधिक असते. दोन-चारजणांचा सामायिक फ्लॅट, ज्याला तिथे ‘वेगे’ म्हणतात, किंवा एका मजल्याला एक स्वयंपाकघर असलेली खोली तुलनेने लवकर मिळते आणि स्वस्तही असते. भाडे पाहताना ते ‘वार्म’ आहे की ‘काल्ट’ हे पाहावे: पहिल्यात हीटिंग आणि इतर खर्च धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो. वसतिगृहांचे भाडे बहुधा ‘वार्म’ असते.

अर्ज केला की काम संपले असे मानू नये. काही संस्था ठरावीक काळाने ईमेल पाठवतात आणि त्यातल्या दुव्यावर जाऊन ‘मला अजून खोली हवी आहे’ असे कळवले नाही, तर नाव यादीतून काढून टाकतात. खोली देऊ केल्याचे पत्रही असेच अचानक येते आणि होकार देण्यासाठी मोजके दिवस मिळतात. जुलैपासून स्पॅमसह सगळी टपालपेटी रोज पाहावी. गावी गणपतीला गेलो होतो ही सबब तिथे चालत नाही.

होकार दिल्यावर करारावर सही आणि अनामत रक्कम, म्हणजे ‘काउत्सिओन’, हे दोन टप्पे येतात. इथे पैशांचे गणित आधी मांडून ठेवले पाहिजे. व्हिसासाठी जे ब्लॉक्ड खाते उघडावे लागते, त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, परंतु त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात आणि तेही जर्मनीत पोहोचून खाते सुरू झाल्यावर. अनामत रक्कम आणि बहुधा पहिले भाडे मात्र त्याआधीच भरायचे असते. म्हणजे ही रक्कम पुण्यातूनच वेगळी पाठवावी लागते.

बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवण्याचा ‘ए-टू’ अर्ज भरताना एक बारीक रकाना असतो: परदेशातील बँकांचे शुल्क कोणी सोसायचे. मी त्याकडे लक्ष दिले नाही आणि खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने नेहमीप्रमाणे ‘विभागून’ वर खूण केली. माझे चारशे युरो मधल्या बँकेचे शुल्क कापून तिकडे तीनशे त्र्याऐंशी म्हणून पोहोचले, आणि अनामत अपुरी असल्याने करार रोखून धरल्याचे पत्र आले. सतरा युरोंसाठी पुन्हा तेवढाच अर्ज, पुन्हा तीच रांग. तेव्हा सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय निवडावा आणि ‘तपशील’ या रकान्यात करारावरील क्रमांक न चुकता लिहावा, नाहीतर पैसे कोणाचे हे तिकडे कोणालाच कळत नाही.

कराराची सुरुवात बहुधा महिन्याच्या एक तारखेला होते, हिवाळी सत्रासाठी १ ऑक्टोबरला. व्हिसाला उशीर झाला तरी त्या तारखेपासून भाडे सुरू होते. म्हणून उशीर दिसू लागताच कार्यालयाला कळवून पुढची तारीख मिळते का ते विचारावे. हे पत्र साध्या, चुका असलेल्या जर्मनमध्ये लिहिले तरी हरकत नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात केलेले दोन कोर्स इथे खरे उपयोगी पडतात.

खोली मिळालीच नाही, तर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट विद्यार्थी संघटनांची वसतिगृहे पाहावीत; त्यांपैकी अनेक ठिकाणी इतर धर्मीयांनाही प्रवेश असतो. सुट्टीत किंवा इंटर्नशिपसाठी बाहेर गेलेल्या विद्यार्थ्याची खोली काही महिन्यांसाठी मिळते, तिला ‘त्स्विशेनमीटे’ म्हणतात. मात्र ‘मी परदेशात आहे, आधी पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असे सांगणारा मालक कितीही गोड लिहीत असला, तरी त्याला एक पैसाही पाठवू नये.

विमानाचे तिकीट काढताना कामाच्या दिवशी सकाळी वसतिगृहात पोहोचता येईल असे पाहावे. किल्ली ‘हाउसमाइस्टर’, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा कर्मचारी, देतो आणि तो शनिवार-रविवारी सहसा नसतो. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, आणि रविवारी दुकाने बंद असतात. खोलीत पलंग, गादी, टेबल, खुर्ची, कपाट असते, परंतु उशी-पांघरूण बहुधा नसते. एक सोलापुरी चादर बॅगेत वर ठेवलेली बरी.

किल्ली घेताना खोलीच्या स्थितीचा कागद भरून घेतात. त्यावर घाईने सही न करता टेबलावरचा ओरखडा, भिंतीतले खिळ्याचे छिद्र, ओव्हनमधला जुना डाग असे सगळे लिहवून घ्यावे आणि फोटो काढावेत, कारण निघताना हाच कागद समोर ठेवून अनामतीतून कपात होते. त्याच वेळी तुम्ही तिथे राहता असे सांगणारे घरमालकाचे पुष्टिपत्र मागून घ्यावे. दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि या पत्राशिवाय ती होत नाही. भेटीची वेळ पुण्यातूनच ऑनलाइन घेऊन ठेवता आली तर उत्तम.

शेवटी टपालपेटी. जर्मनीत पोस्टमन खोलीचा क्रमांक पाहत नाही, पेटीवरचे नाव पाहतो. नाव नसेल तर पत्र परत जाते. बँकेचे कार्ड, कर क्रमांक आणि महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-दूरदर्शन शुल्क भरण्याची सूचना, हे सगळे कागदावरच येते. संपूर्ण नाव त्या चिमुकल्या पट्टीवर मावत नाही. आडनाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगमध्ये ठळक लिहून पहिल्याच संध्याकाळी चिकटवावे.