'नाक' शब्दाच्या निमित्ताने: छोट्या शब्दाचे मूळ कसे शोधावे

एखाद्या छोट्या शब्दाचे मूळ शोधताना आधी संस्कृत कोश उघडण्याचा मोह आवरावा आणि शेजारच्या भाषांतील त्याची भावंडे गोळा करावीत. उदाहरणादाखल 'नाक' हा शब्द घेऊ. लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले आणि 'नासिका'वरून गावाचे नाव पडले, ही कथा नाशिकमध्ये घरोघरी सांगितली जात असल्याने 'नाक' हे 'नासिका'चेच रूप असावे, असे आपण सहज धरून चालतो.

हिंदी, गुजराती आणि बंगालीत 'नाक'च आहे. पंजाबीत मात्र 'नक्क' आहे, आणि खरा धागा येथेच सापडतो. 'हात', 'सात', 'काम' हे शब्द शेजारी मांडले की पंजाबीत 'हत्थ', 'सत्त', 'कम्म' मिळतात आणि प्राकृतातही नेमकी हीच रूपे दिसतात. म्हणजे पंजाबीने जोडाक्षर राखले, तर मराठीने त्यातील एक व्यंजन टाकून आधीचा स्वर दीर्घ केला. या नियमाने 'नाक'च्या मागे प्राकृत 'णक्क' उभा राहतो. 'नासिका'मधील दोन स्वरांमधला एकटा 'क' प्राकृतात गळतो व 'णासिआ' होते. त्यातून 'नाक' निघत नाही. अर्थ जुळला तरी ध्वनिनियम जुळल्याशिवाय नाते मान्य करू नये.

रूप जुळले म्हणूनही फसू नये. संस्कृतातही 'नाक' आहे, पण अमरकोशात तो स्वर्गाच्या नावांत येतो. आपल्या नाकाशी त्याचा संबंध नाही.

नासिकेचे कूळ मात्र दूरवर पसरले आहे: लॅटिन 'नासुस', रशियन 'नोस', इंग्रजी 'नोज'. याच कुळाच्या इराणी शाखेत 'स'चा 'ह' होतो (संस्कृत 'सप्त', फारसी 'हफ्त'), म्हणून इराणमधील बेहिस्तूनच्या शिलालेखात प्राचीन इराणी सम्राट दारयवहु (डरायस) बंडखोराचे नाक कापल्याचे सांगतो, तेथे 'नाह' हा शब्द येतो. कन्नड 'मूगु' आणि तेलुगू 'मुक्कु' हे द्राविडी कुळातले असल्याने या यादीत घेऊ नयेत.

गावाच्या नावातील 'श' हीसुद्धा मराठीची खूण आहे. हिंदी 'सींग', 'सीखना' यांच्यासमोर मराठीत 'शिंग', 'शिकणे' आहे, कारण इकारापूर्वीचा 'स' आपल्याकडे 'श' होतो. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील १९ क्रमांकाच्या लेण्यात, सातवाहन राजा कण्ह याच्या काळातील लेखात, 'नासिक' असे 'स'कारयुक्तच नाव आहे. मात्र स्थळनामे लेखी आणि धार्मिक व्यवहारात जपली जातात, त्यामुळे केवळ त्यांच्यावरून नियम बांधू नये.

एवढे हाती आल्यावर कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश आणि टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश पाहावा. टर्नर यांच्या कोशात ज्या रूपापुढे तारका (*) असते ते प्रत्यक्ष कोठे लिहिलेले सापडलेले नसून तुलनेने अनुमानिलेले असते, म्हणून टिपण करताना ती तारका गाळू नये.